एक्केचाळिसावा

कंपनीचं पत्र शटरखालून सरकवलेलं.
दिलगिरी इंग्रजीत, मराठीत नुसता आमचा पत्ता.
मालकांनी चष्मा कपाळावर नेला, म्हणाले,
सुनेत्रा, ते पाच लिटरचे कुकर, परत मागवलेत.
झाकणाचा खटका म्हणे
आत वाफ कोंडलेली असतानाच सुटतो.

पत्रात होतं, ‘क्वचित प्रसंगी’.
कुणाच्या घरचा तो प्रसंग, कुठल्या गावचा,
हात भाजला की तोंड,
ते नव्हतं.

एक्केचाळीस नग. दिवाळीची योजना, वर कढई फुकट.
वहीत माझंच अक्षर, गर्दीतलं,
एकाचा सात झालेला, साताचा एक.
आठ दिवस त्यामुळं चुकीच्या माणसांशी बोलले मी.
बरोबर लागलेला पहिला फोन राजारामपुरीतला:
‘ओटीपी मिळायचा न्हाई. पोलिसांत देईन.’
फुलेवाडीच्या एकांनी विचारलं,
नवा देताय ते ठीक, वर काय फुकट?

मग रिक्षा केली. पोतं घेतलं.

केरबा मिस्त्री दारातच बसलेले,
उद्यमनगरात छत्तीस वर्षं लेथपुढं उभे,
आता गुडघ्यांनी राजीनामा दिलेला.
‘खटका व्हय? त्यो पयल्याच आठवड्यात काढून फेकला की.
दात बुटकं व्हतं त्येचं. नवा केला, पितळंचा.
ड्रॉइंग पायजे असंल तर सांग तुज्या कंपनीला.’
झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.
तिजोरी मिटावी तसा आवाज.
माझ्या फॉर्मवर दोनच चौकटी,
परत केला, परत केला नाही.
पेनाचं टोपण काढून मी तशीच उभी.
आतून काकू म्हणाल्या, ‘चा घे आधी.’

सदर बाजारात शिरीन मोमीनकडं रविवार.
कुकर गॅसवर, आत मटण,
पाहुणे गडहिंग्लजहून निघालेले.
‘शिजू दे की गं, मग ने. आता काय अर्ध्यात काढू?’
तिचा धाकटा ओट्याखाली गाडी फिरवत होता.
मी त्याला उचलून बाहेर सोडला,
तो परत आला. परत सोडला.
चार शिट्ट्या. पाच.
गॅस बंद केल्यावर ती हात पुढं करणार
तोवर मी म्हटलं, झाकण मी उघडते.
ओढणी मनगटाला गुंडाळून
भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं बघत राहिले.
काही झालं नाही.
ती हसली, डबा भरून दिला मला.
पोत्यात त्या कुकराला दोन दिवस
खड्या मसाल्याचा वास येत होता.

असे चाळीस झाले. मिस्त्रींचा धरून.

एक्केचाळिसाव्यापुढं नावाच्या रकान्यात
मीच लिहिलंय, ‘आहेर’. रोख.
बिलावरच्या अर्ध्या नंबराला बाकीचे आकडे जोडत जोडत
कळंब्याचं घर सापडलं. त्यांनी तो वडणग्यात दिला, लग्नात.
वडणग्याच्यांकडं तसले सात आलेले,
त्यांनी न फोडता कागलला, वास्तुशांतीला.
कागलच्या बाईंनी आधी शपथ घातली कुणाला न सांगायची,
मग म्हणाल्या, मार्केट यार्डाजवळच्या हॉलमध्ये,
मुलाकडचे होते की मुलीकडचे, आठवत नाही,
पाकीट न्यायचं राहिलं म्हणून तोच दिला.

मालक म्हणतात, सोड आता. चाळीस म्हणजे पास.
कंपनीनं आभाराचं पत्र धाडलंय,
तेही इंग्रजीत.

दुकान मिटवून मंगळवार पेठेतून घरी जाते.
साडेआठची वेळ, माड्यांमाड्यांतून शिट्ट्या.
शिट्टीला मी घाबरत नाही,
शिट्टी म्हणजे खटका अजून जागेवर आहे.
ती थांबते, गॅस बंद झाल्याचा टक् आवाज येतो,
आणि वर कुणीतरी, बांगड्या मागं सारून,

तिथं माझी चप्पल थांबते.